ध्रुवावरच्या पाण्याला बामाचा वास

मामांच्या हातांना कसलाही वास यायचा नाही. माणसाच्या हाताला काही ना काही वास असतोच की हो, साबणाचा, जेवणाचा, घामाचा, निदान किल्ल्यांचा तरी. मामांचे हात नाकाशी धरले तर काही नाही. पांढरे पडलेले, बोटांची टोकं सुरकुतलेली, आम्लाने जागोजागी कातडी गेलेली. त्यांची बायको म्हणायची, "यांनी मागून येऊन डोळ्यांवर हात ठेवले तर मला कळायचंही नाही कोण आहे ते." तेव्हा गंमत म्हणून म्हणायची.

मामा बाटल्या धुवायचे. लगेच नाक मुरडू नका. सव्वीस वर्षं एका माणसाने फक्त बाटल्या धुतल्या आणि त्या जिवावर एक अख्खी प्रयोगशाळा नाक वर करून फिरली, हे आधी ऐकून घ्या.

ही प्रयोगशाळा समुद्राच्या पाण्याची. वर्षातून एकदा तिथले मोठे साहेब जहाजाने ध्रुवाकडे जायचे आणि बर्फाखालचं पाणी बाटल्यांत भरून आणायचे. साहेबांचा सगळा अभ्यास एकाच प्रश्नाचा: हे पाणी मूळचं कुठलं? कारण ध्रुवाजवळ एकाच गावचं पाणी नसतं. काही नद्यांनी आणून टाकलेलं, काही बर्फ वितळून झालेलं, काही दुसऱ्या महासागरातून वाट काढत आलेलं. दिसायला सगळं सारखंच. पण प्रत्येकात काही ना काही विरघळलेलं असतं. नदीच्या पाण्यात कुजलेल्या पानांचा, मातीचा अंश. समुद्राच्या पाण्यात शेवाळाचा, मेलेल्या बारीक जिवांचा. डोळ्यांना दिसत नाही, जिभेला लागत नाही. पण यंत्रात ठेवून त्यावर विशिष्ट प्रकाश टाकला की ते अंश मंद चमकतात, आणि जमिनीकडच्याची चमक वेगळी, समुद्राकडच्याची वेगळी. त्या चमकेवरून साहेब पाण्याचं माहेर सांगायचे.

आता हा अंश इतका कमी, की बाटलीच्या तोंडाला कुणाचं बोट लागलं तरी यंत्र त्या बोटाचंच माहेर सांगायला लागतं. म्हणून मामा. बाटली चोवीस तास आम्लात बुडवायची, सहा वेळा शुद्ध पाण्याने विसळायची, भट्टीत साडेचारशे अंशांवर चार तास भाजायची, तोंडाला भाजलेला चकचकीत कागद गुंडाळायचा. पेटीत दहा बाटल्या, अशा चाळीस पेट्या. शिवाय प्रत्येक पेटीमागे एक जादा बाटली शुद्ध पाणी भरून, बंद करून मामांच्या खोलीत फळीवर राहायची. तिला कोरी बाटली म्हणायचे. उद्या कुणी म्हणालं की बाटल्याच घाण होत्या, तर ती कोरी यंत्रात ठेवायची. तिच्यात काही चमकलं नाही की मामा सुटले. सव्वीस वर्षांत मामांची एकही कोरी चमकली नव्हती. त्यांच्याकडे अभिमानाने दाखवण्यासारखं दुसरं काही नव्हतं, हे एवढंच होतं.

खोलीच्या दारावर साहेबांच्या सहीचा कागद होता. अत्तर नाही, केसांना तेल नाही, सिगारेट नाही, वासाचा साबण नाही, हाताला मलम नाही, आणि खाली लाल शाईत, बाम तर नाहीच नाही. बामातलं एक द्रव्य अगदी नदीच्या अंशासारखं चमकतं आणि हवेतून पसरतं, म्हणून ती लाल शाई. हातमोजे होते की, पण मोज्यांनी वास थोडाच अडतो? तो अंगातून येतो, सदऱ्यातून येतो, श्वासातून येतो.

दारावरचा कागद मामांनी घरी नेला. म्हणजे तोंडपाठ करून नेला. लग्नानंतर आठ दिवसांत बायकोच्या तेलाची बाटली तिच्या बहिणीकडे गेली. वासाचा साबण गेला, पावडर गेली. बायको आधी हसली. "एखादीची सवत बाई असते, माझी भट्टी आहे." मग थोडी भांडली, मग सवय झाली. लेक मोठी झाली तशी मैत्रिणीकडे जाऊन अत्तर लावायची आणि परत यायच्या आधी चौकातल्या नळावर मनगटं धुवायची. सासरी गेली त्या दिवशी तिने म्हणे एकदम तीन अत्तरं विकत घेतली.

नोकरीचं शेवटचं वर्ष लागलं आणि बायकोची पाठ धरली. नुसती धरली नव्हती, आत मणक्यात रोग बसला होता. डॉक्टर म्हणाले, आता फार काही करण्यासारखं नाही, वेदना कमी राहतील तेवढं बघा. गोळ्यांनी तिला ओकारी व्हायची. बाम चोळला की मात्र तासभर बरं वाटायचं. साधा बाम हो, कुठल्याही दुकानात मिळतो तो.

आणि नेमकी तीच बाटल्यांची घाई. चाळीस पेट्यांपैकी तीस झालेल्या, दहा राहिलेल्या. मामांनी साहेबांना विचारलं, अगदी अवघडून, "घरी आजारपण आहे. बाम चोळावा लागतो." साहेबांनी पाठीवर थाप मारली. "मामा, थोडे दिवस सांभाळा. जहाज गेलं की तुम्ही मोकळे." झालं. तेवढ्यावर मामा खूश. साहेब आपल्यावर विसंबून आहेत, या एका गोष्टीवर हा माणूस उपाशीसुद्धा राहिला असता.

मग ठरलं असं, की बाम लेक येऊन चोळेल. लेक कामावरून सुटून, बस बदलून यायची, साडेसहाला. मामा घरी यायचे चारला. मधले अडीच तास बायको भिंतीकडे तोंड करून पडलेली, उशाशी स्टुलावर बामाची बाटली, आणि मामा बाहेरच्या खोलीत खिडक्या सताड उघड्या टाकून बसलेले. रोज.

"अहो," आतून हाक यायची. "दोन बोटांनी तरी."

"अगं, दोन बोटांनीच तर सगळं जातं. येईलच आता ती."

"साडेपाच वाजलेत."

"मग तासच राहिला की."

मला सांगा, याला काय म्हणायचं? माणूस वाईट नव्हता. पाणी द्यायचा, औषध द्यायचा, पांघरूण सारखं करायचा, अंथरूण बदलायचा. पण बाम म्हटलं की दोन पावलं मागे. आणि वर मनात स्वतःचंच कौतुक, की बघा, बायको कण्हतेय तरी आपण नियम मोडला नाही.

एक दिवस लेकीची बस चुकली. सात वाजले, सव्वासात वाजले. बायको उशी चावायला लागली. मामा तीनदा दारापर्यंत गेले आणि तीनदा परत आले. शेवटी त्यांना युक्ती सुचली. पिशवीत बाटल्या घासायचा लांब दांड्याचा ब्रश होता, झिजला म्हणून घरी आणलेला. त्याला जुन्या सदऱ्याची चिंधी बांधली, नाकाला रुमाल बांधला, चिंधीवर बाम फासला आणि हात लांब करून दारातूनच बायकोच्या पाठीवर फिरवायला लागले. खाली-वर, खाली-वर. सव्वीस वर्षांचा हात, लय कशी चुकेल?

बायकोने मान वळवून पाहिलं. आधी हसली. खरंच हसली, पाठ हलेपर्यंत. मग तिचं हसणं थांबेना आणि त्याचं रडणं कधी झालं ते मामांना कळलं नाही.

"मी काय बाटली आहे का हो?"

नेमकी तेव्हाच लेक दारात आली. तिने पाहिलं. बापाच्या हातातला ब्रश घेतला, खिडकीतून खाली फेकला आणि आईशेजारी बसून दोन्ही तळव्यांनी बाम चोळायला लागली. मामांनी तेवढ्यात आंघोळ केली, कपडे बदलले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आणखी एकदा आंघोळ करून कामावर गेले.

जहाज सोमवारी गेलं. चाळिसावी पेटी मामांनी स्वतः ट्रकवर चढवली आणि तडक घरी आले. दुपारचे दोन वाजले होते. आत जाऊन बामाची बाटली उघडली, बोटांवर घेतला. बायकोच्या पाठीला हात लावायला वाकले.

"नको," ती म्हणाली. "तिला येऊ दे."

"अगं, आता चालतं. जहाज गेलं."

"मला नाही चालत."

चार दिवसांनी ती गेली. त्या सोमवारी मामा बोटांना लागलेल्या बामाकडे बघत तिथे किती वेळ बसले होते ते कुणी पाहिलं नाही, आणि मी काही बनवून सांगणार नाही. लेकीने आईचं सामान आवरलं, बामाची बाटली पिशवीत टाकली आणि म्हणाली, "तुमचा नियम मोडायला नको." त्यानंतर ती महिन्यातून एकदा यायची, डबा ठेवायची, पंधरा मिनिटं बसायची.

अडीच महिन्यांनी जहाज परत आलं. मामांच्या निवृत्तीला महिना राहिला होता. पेट्या उघडायचं काम त्यांचंच. तिसावी पेटी उघडेपर्यंत सगळं ठीक होतं. एकतिसावी उघडली आणि मामांचं नाक जागच्या जागी थबकलं.

बाम.

चिमूटभर, पण बामच. बत्तिसाव्या पेटीतही, पार चाळिसाव्यापर्यंत. शेवटच्या दहा पेट्या म्हणजे त्या दिवसांतल्याच. आपल्याकडून गेलं की काय? त्या ब्रशचं? त्यांनी धावत जाऊन फळीवरच्या कोऱ्या बाटल्यांपैकी शेवटच्या दहा उतरवल्या आणि यंत्रावरच्या मुलीच्या हातापाया पडून, कुठल्या ते न सांगता आणि नोंद न करता, तपासून घेतल्या. दहाच्या दहा स्वच्छ. एकही चमकली नाही. मामांनी सुटकेचा श्वास सोडला आणि मान वर केली तर दारात साहेब उभे. साहेब एक पाय ओढत चालत होते. "काय मामा! गुडघ्याने जीव घेतला हो बोटीवर. शेवटचे पंधरा दिवस तर नुसता चोळत होतो." आणि त्यांच्या कोटातून तोच वास.

लाल शाईने कागदावर सही करणारा माणूस बर्फात बसून गुडघ्याला बाम चोळत होता आणि त्याच हाताने बाटल्या भरत होता. मामांना हसू आलं नाही. ज्या माणसाच्या एका थापेवर आपण अडीच-अडीच तास बायकोचं कण्हणं ऐकत बसलो, त्या माणसाने स्वतःचा गुडघा दुखला तेव्हा पंधरा दिवससुद्धा दम धरला नाही. पण तोंडातून निघालं एवढंच, "आता बरा आहे का गुडघा?"

साहेबांना त्यातलं काही कळलं नव्हतं. ते दुसऱ्याच आनंदात. शेवटच्या ठिकाणांवरचं, अगदी आतल्या बर्फाखालचं पाणी बोटीवरच्या यंत्रात नदीसारखं चमकलं होतं! जिथे नदीचं पाणी पोहोचूच शकत नाही असं सगळं जग म्हणतं, तिथे साहेबांना नदी सापडली. साहेबांनी प्रयोगशाळा डोक्यावर घेतली. भाषण झालं, नकाशावर निळे बाण निघाले, एक बाण तर साहेबांनी स्वतःच्या हाताने जाड केला. गुडघ्यावरून निघालेली नदी ध्रुवापर्यंत जाऊन पोहोचली होती, आणि ते ठाऊक असलेला माणूस मागच्या रांगेत हात मांडीवर ठेवून बसला होता.

पंधरा दिवसांनी दुसऱ्या संस्थेतल्या एक तज्ज्ञ बाई तपासणीला आल्या. कमी बोलणाऱ्या. त्यांनी आकडे पाहिले आणि म्हणाल्या, "नदीची चमक पसरट असते. नदीत शंभर गोष्टी विरघळलेल्या असतात. ही चमक टोकदार आहे. हे एकच द्रव्य आहे. इथे बाम कोण लावतं?"

त्याच दुपारी तीनला साहेब मामांच्या खोलीत आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा स्वतः स्टूल ओढून बसले.

"मामा, घरी बाम होता ना? वहिनींसाठी?"

"होता."

"तुम्ही चोळून द्यायचात."

"नाही."

"अहो, लपवताय कशाला? साहजिक आहे. बायको तळमळत असताना कोण माणूस नुसता बसून राहील? मी तेव्हा म्हटलं होतं तुम्हाला, सांभाळा. पण मी समजू शकतो."

खरं सांगायचं तर मामांना स्वतःच्याच तोंडाने कबूल करावं लागलं असतं, की तो माणूस मी. मी नुसता बसून राहिलो.

"तुमचे राहिलेत तेरा दिवस," साहेब म्हणाले. "तुमचं काय जाणार आहे? कुणी काही करणार नाही, मी आहे. पण माझ्या गुडघ्याचं निघालं ना, तर पुढची सगळी मोहीम बंद. ही पोरं रस्त्यावर येतील." आणि खिशातून टाईप केलेला कागद काढून त्यांनी मामांच्या समोर ठेवला.

मामांनी वाचला. 'पत्नीच्या शेवटच्या आजारपणात मी कधीकधी तिच्या पाठीला स्वतःच्या हातांनी बाम चोळत असे. त्यामुळे बाटल्या दूषित झाल्या असाव्यात. याबद्दल मी दिलगीर आहे.'

पुन्हा वाचला. तिसऱ्यांदा वाचताना ते पहिल्याच वाक्याशी थांबले. स्वतःच्या हातांनी. शाईत, सरकारी कागदावर. जणू कुणीतरी मागे जाऊन त्यांच्यासाठी ते काम करून आलं होतं, आणि आता नुसती पोचपावती द्यायची होती.

फळीवर चाळीस कोऱ्या बाटल्या ओळीने उभ्या होत्या. एक उचलून तज्ज्ञ बाईंच्या हातात दिली असती की मामा सुटले असते आणि साहेब अडकले असते. साहेबांचीही नजर तिकडे गेली. "काचच ती," साहेब सहज म्हणाले. "फुटते कधीकधी."

मामांनी पेन घेतलं. 'कधीकधी' हा शब्द खोडला. त्यावर आपल्या गोल अक्षरात लिहिलं, 'रोज, दुपारी चारनंतर.' मग सही केली. साहेबांना अपेक्षेपेक्षा जास्तच मिळालं. त्यांनी मामांचा हात दोन्ही हातांत धरून दाबला, आणि ते गेल्यावर मामांनी हात हुंगला.

कोऱ्या बाटल्या त्यांनी फोडल्या नाहीत. काच फोडणं त्यांच्या रक्तात नव्हतं. एकेक उघडली, मोरीत ओतली, आम्लात बुडवली. दुसऱ्या दिवशी सहा-सहा वेळा विसळून भट्टीत भाजल्या. तज्ज्ञ बाई आल्या तेव्हा चाळीस रिकाम्या बाटल्या लखलखत होत्या.

"साक्षीच्या बाटल्या धुऊन टाकल्या?" बाईंनी विचारलं.

"चुकून."

"सव्वीस वर्षांत पहिल्यांदा चुकून?"

"हो."

बाईंनी त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं, मग पाय ओढत मागून आलेल्या साहेबांच्या गुडघ्याकडे पाहिलं. पण पुरावा मोरीतून गेलेला. त्यांनी वहीत लिहिलं, बाटल्या धुणाऱ्या कर्मचाऱ्याचा दोष. नकाशावरचा बाण पुसला गेला. साहेबांना पुढच्या वर्षी पुन्हा जहाज मिळालं.

निरोपाच्या कार्यक्रमाला लेकीला बोलावणं गेलं होतं. ती पहिल्या रांगेत बसली, मांडीवर पर्स घेऊन. हारतुरे झाले, चहा झाला. मग संचालक उठले. त्यांना कागद ठाऊक होता, बाकी काही ठाऊक नव्हतं, आणि असे लोक भाषण फार मनापासून करतात.

"मामांच्या हातून शेवटी एक चूक झाली, हे तुम्ही सगळे जाणताच," संचालक म्हणाले. "पण कशासाठी? बायकोसाठी! रोज दुपारी चारनंतर हा माणूस नियम बाजूला ठेवून आजारी बायकोच्या पाठीला स्वतःच्या हातांनी बाम चोळत होता. अशी चूक माझ्याही हातून व्हावी, असं मी म्हणेन."

टाळ्या पडल्या. साहेबांनी सर्वांत जोरात वाजवल्या. यंत्रावरच्या मुलीचे डोळे ओले झाले. मामा मान खाली घालून उभे होते आणि त्यांना, देव जाणे कसं, एक क्षणभर ते खरंच वाटलं. तळव्यांना बायकोची पाठ लागल्यासारखी वाटली, अगदी मणक्यांसकट. मग त्यांनी मान वर केली आणि पहिल्या रांगेत लेक दिसली. ती टाळ्या वाजवत नव्हती.

कार्यक्रम संपला. लोकांनी येऊन येऊन लेकीला सांगितलं, भाग्यवान हो तुमच्या आई. लेक सगळ्यांना हो म्हणाली. बापाला घेऊन ती फाटकापर्यंत चालत आली. मामांच्या हातात साहेबांनी दिलेली भेटीची पेटी होती. तिने ती उघडून पाहिली. आत हाताला लावायचं उंची मलम होतं.

"बाबा," ती शांतपणे म्हणाली, "कागदावर ब्रशचं नाही लिहिलंत ते?"

मामांनी पेटी परत घेऊन तिचं झाकण लावलं.

"आईने शेवटी मला एकच सांगितलं होतं," लेक म्हणाली. "म्हणाली, त्यांना बोलू नकोस. दुसऱ्या कुणाजवळ नसेल इतकं स्वच्छ नाव आहे त्यांचं, तेवढं तरी राहू दे त्यांना. तेही ठेवलं नाहीत."

तिची बस आली. ती चढली, खिडकीशी बसली आणि समोर बघत राहिली. बस गेल्यावर मामा थांब्यावरच्या बाकावर बसले. मलमाचं झाकण काढून त्यांनी थोडं बोटांवर घेतलं आणि दोन्ही हातांना चोळलं, खाली-वर, खाली-वर. मलमाला फुलांचा वास होता. घरी गेल्यावर त्यांनी हात सहा वेळा धुतले.